ते चार लोक

मराठी माणूस देवाला भितो, असं म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. देवाला त्याने एका नारळावर राजी केलेलं असतं. इन्कमटॅक्सवाल्यांना भितो म्हणावं, तर त्यांच्याशी बोलायला त्याने एक माणूस पगारावर ठेवलेला असतो. बायकोला भितो हे खरं. पण बायको ज्यांना भिते, त्यांनाच तोही भितो. मराठी माणूस, आणि त्यातही मध्यमवर्गीय मराठी माणूस, अगदी मनापासून भितो तो फक्त चार लोकांना.

‘चार लोक काय म्हणतील?’

हे वाक्य आपण पहिल्यांदा कधी ऐकलं, हे कोणालाच आठवत नाही. माझा असा संशय आहे की बारशाला आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, त्याच वेळी हळूच हेही वाक्य सांगून टाकत असावी. नाव पुढे बदलता येतं. वाक्य बदलत नाही. मुलाने आर्ट्‌सला जायचं नाही, कारण चार लोक. मुलीने रात्री नाटक बघून एकटीने यायचं नाही, चार लोक. लग्नात पाचशे पानं उठली पाहिजेत, मग बापाने सोसायटीचं कर्ज पुढची सात वर्षं फेडलं तरी चालेल, चार लोक. निवृत्त माणसाने तबला शिकायचा नाही, नवरा गेलेल्या बाईने अबोलीचा गजरा माळायचा नाही, आणि बैठकीच्या खोलीला जांभळा रंग तर मुळीच द्यायचा नाही. चार लोक, चार लोक, चार लोक!

बरं, या चौघांना कोणी पाहिलंय म्हणावं, तर तेही नाही. मतदारयादीत ते सापडत नाहीत. त्यांच्या दारावर पाटी नाही. मंत्रिमंडळं आली आणि गेली, पण या चौघांचं सरकार एकदाही अल्पमतात आलं नाही. ते निवडणूक लढवत नाहीत, आणि म्हणून हरतही नाहीत.

आज माझा विचार त्यांच्यावर फिर्याद ठोकण्याचा आहे. आरोप साधा आहे. आपल्या ओळखीच्या निम्म्याअधिक माणसांनी आपलं आयुष्य जगलंच नाही. या चौघांच्या वतीने नुसतं सांभाळलं, आणि शेवटी जसंच्या तसं, घडीही न मोडता, परत केलं.

आता पहिला प्रश्न असा, की चारच का? पाच का नाहीत? दहा का नाहीत? मला आधी वाटायचं की ही आपली एक बोलण्याची पद्धत आहे. चार पैसे, चार घास, चार पावसाळे, तसे चार लोक. पण यामागे चक्क शास्त्र निघालं, आणि तेही अमेरिकेत.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास तिथल्या कॉलेजातल्या मुलांवर एक प्रयोग केला. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. आपल्याकडचं बालवाडीतलं पोरही सांगेल. गंमत अशी, की खोलीत बसलेल्यांपैकी एकच मुलगा खरा. बाकीचे सगळे आधी पढवून ठेवलेले. ते एकामागून एक, गंभीर चेहऱ्याने, चुकीची रेघ सांगत सुटायचे. मग खऱ्या मुलाची पाळी यायची. बिचाऱ्याला डोळ्यांनी एक दिसतंय आणि कानांनी दुसरंच ऐकू येतंय. अशा वेळी दर तीन उत्तरांपैकी साधारण एका उत्तरात तो स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडून बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळायचा.

पण मला खरी मजा वाटली ती पुढच्या भागाची. अ‍ॅशसाहेबांनी खोटं बोलणाऱ्यांची संख्या कमीजास्त करून पाहिली. एकानेच खोटं सांगितलं तर मुलगा ढळत नव्हता. दोघांनी सांगितलं तर थोडा डळमळायचा. तिघांनी सांगितलं की पुरता गडगडायचा. त्यापुढे चार केले, आठ केले, पंधरा केले, तरी फारसा फरक पडला नाही. म्हणजे माणसाच्या कण्यातली हवा काढायला तीन माणसं पुरतात. आपण चौथा धरलाय तो जादाचा; एखादा गावाला गेला तर खोळंबा नको म्हणून. आपल्या आजीला हे अमेरिकेच्या आधीच ठाऊक होतं. फक्त तिने ते कुठे छापून आणलं नाही, एवढंच.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट मात्र आजीने आपल्याला कधी सांगितली नाही. त्या खोट्या कळपात एकच, फक्त एकच माणूस खरं उत्तर देणारा बसवला, तर त्या सगळ्या दडपणाचा जोर एक-चतुर्थांशावर यायचा. त्याला भाषण करावं लागत नव्हतं. खऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारावी लागत नव्हती. त्याने आपल्याला दिसलेली रेघ मोठ्याने सांगायची, बस्स. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता या चौघांचा पूर्वेतिहास पाहू. कोणावरही फिर्याद करायची तर आधीचे गुन्हे दाखवावे लागतात.

पुण्याचंच घ्या. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठमोठी मंडळी गेली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी समोर चहा-बिस्किटं ठेवली. पाहुणचार म्हटल्यावर आणखी काय ठेवणार? पण पुढे ‘पुणेवैभव’मध्ये हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि त्या चहाला जी उकळी फुटली, ती दोन वर्षं थांबेना. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२ साली चौकशी झाली. प्रायश्चित्तं ठरली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी मित्रमंडळींखातर घेतलं. पुढे ज्यांनी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढली आणि ज्यांना इंग्रजांचं साम्राज्य वाकवू शकलं नाही, त्यांनासुद्धा एका कप चहाचा खुलासा द्यावा लागला! साम्राज्याला सैन्य लागतं, तोफा लागतात. चार लोकांना नुसत्या भुवया पुरतात.

आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि चार लोकांना जे ऐकायचं नव्हतं नेमकं तेच लिहायला सुरुवात केली. लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर जिवंत असताना! पुण्यात माणसाला बोलायची सवड देत नाहीत हे ठाऊक होतं, पण मरायचीही सवड दिली नाही, असं उदाहरण हेच. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. सख्ख्या आईच्या घरी मुलाने जायची पंचाईत. त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. मधे पासष्ट वर्षं गेली. कर्वे शंभर वर्षं जगले म्हणून त्यांना ते बघायला तरी मिळालं. चार लोकांना आपली चूक कळेपर्यंत टिकायचं, तर प्रकृती अशी ठणठणीत लागते.

त्यांचे चिरंजीव रघुनाथराव तेवढे भाग्यवान नव्हते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली प्राध्यापकी गेली. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि पदरमोड करून ते मरेपर्यंत चालवलं. खटले झाले, टवाळी झाली. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, म्हणजे कर्वे तीस वर्षं जे घसा फोडून सांगत होते तेच सरकारी कागदावर आलं. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, कर्वे गेले. पण या कहाणीत एक गोष्ट मला नेहमी उभारी देते. १९३४ सालच्या त्यांच्या खटल्यात वकीलपत्र घेऊन कोण उभं राहिलं? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, तो भाग वेगळा. पण त्या दिवशी त्या कोर्टात एक माणूस होता, ज्याने आपल्याला दिसलेली रेघ मोठ्याने सांगितली.

आणि सावित्रीबाई. १८४८ साली मुलींना शिकवायला निघाल्या, तर वाटेत अंगावर शेण आणि चिखल. जाताना जास्तीचं लुगडं बरोबर ठेवावं लागे, हे आपण शाळेत शिकलो. मला एक प्रश्न तेव्हाही पडायचा आणि आजही पडतो: शेण मारणाऱ्यांची नावं काय होती? एकाचंही नाव कुठे नाही. त्यांचा पुतळा नाही, जयंती नाही, कोणी छाती पुढे काढून ‘आमच्या पणजोबांनी मारलं होतं हो!’ असं सांगत नाही. सावित्रीबाईंचं नाव राहिलं. शेण मारणारे निनावी गेले. चार लोकांची ही खास सोय आहे. ते कुठेही सही करत नाहीत.

मग ते आहेत तरी कुठे? एवढी मोठी जमात काही निपुत्रिक गेली नसणार. मला वाटतं, तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायला जी गर्दी जमते, तिच्यात त्यांचेही वंशज असतात. मधूनमधून घड्याळाकडे बघत असतात. कार्यक्रम संपवून घरी गेल्यावर मुलीला ‘हा दुसऱ्या जातीतला मुलगा आमच्या डोळ्यांसमोर नको,’ असं सांगायचं असतं.

पुतळा ही फार सोयीची वस्तू आहे. माणसाला दगडात बसवलं की त्याचं ऐकायचं कारण उरत नाही. ‘ते काय बाबा, थोर होते!’ असं म्हटलं की सुटलो. थोरपणाचं खातं त्यांच्या नावावर, आणि आपल्या नावावर फक्त सुट्टी. मी तर म्हणतो, धाडसी माणसांचं एवढं कौतुक आपण करतो तेच मुळी आपल्याला धाडस करावं लागू नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, हा सगळा जुना इतिहास झाला, आता काळ बदलला. काळ बदलला हो, पण चार लोकांची बदली झाली नाही. त्यांनी फक्त पारावरून मुक्काम हलवला आणि सोसायटीत फ्लॅट घेतला.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. वय सहासष्ट. बँकेतून निवृत्त. काकू जाऊन सात वर्षं झाली. मुलगा-सून याच गावात, पण दुसऱ्या टोकाला, मुलगी बंगलोरला. सात वर्षं हा माणूस ओट्यापाशी उभं राहून जेवत होता. एकट्यासाठी ताट कशाला घ्यायचं, म्हणायचे. एकदा रात्री नऊला ते आमच्याकडे आले. हातात तीन दिवसांपूर्वीचा पेपर. ‘हा परत करायचा राहिला,’ म्हणाले. तो पेपर आमचा नव्हताच.

“अरे, जरा बोलायचं होतं.”

“बोला ना काका.”

“माझ्याबरोबर सकाळी टेकडीवर एक बाई येतात. शिक्षिका होत्या. साठीच्या आहेत. यजमान नाहीत त्यांचे. आम्ही दोघांनी... म्हणजे नोंदणी पद्धतीने... असं ठरवतोय.”

“वा! मग अडलंय कुठं?”

“चार लोक काय म्हणतील रे?”

“मुलगा काय म्हणतो?”

“तो म्हणतो, माझी हरकत नाही बाबा, पण लोक काय म्हणतील. सून म्हणते, माझी हरकत नाही, पण माझ्या माहेरचे लोक काय म्हणतील. मुलगी म्हणते, बंगलोरला कोणी काही म्हणणार नाही, पण तुमच्या इथले काय म्हणतील!”

म्हणजे हरकत कोणाचीच नव्हती. तरी लग्न अडलं होतं.

मी कागद आणि पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, “काका, नावं लिहा.”

“कोणाची?”

“त्या चौघांची.”

काका जन्माचे बँकवाले. कागद समोर आल्यावर त्यांनी आधी समास आखला, मग एक ते चार आकडे टाकले. पहिलं नाव लिहिलं दुसऱ्या मजल्यावरच्या नानांचं. मी म्हटलं, “काका, नानांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. त्यांना हे सांगायलाच आठवडा जाईल.” दुसरं नाव लिहिलं कसब्यातल्या आत्याबाईंचं. मी म्हटलं, “अहो, आत्या तर दिवाळीच्या आधी गेल्या ना?” काका म्हणाले, “गेल्या रे. पण असत्या तर म्हणाल्या असत्या.” तिसरं नाव टेकडीवरच्याच एका दोस्ताचं.

“ते काय म्हणतील?”

“म्हणेल, या वयात?”

“त्यांचं वय काय?”

“बहात्तर. विधुर आहे तोही.”

“मग काका, त्यांना जे काही वाटेल ते वेगळ्याच कारणाने वाटेल.”

चौथ्या आकड्यापाशी काकांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “रागावणार नाहीस ना?” म्हणाले, आणि माझं नाव लिहिलं.

मी उडालोच. या विषयावर मी जन्मात अवाक्षर काढलं नव्हतं. अर्ज न करता, मुलाखत न देता, माझी चार लोकांत परस्पर नेमणूक झाली होती! “अहो, मी काय म्हणणार?” तर काका म्हणाले, “तू लेखक माणूस. कशावरही लिहितोस.”

(लिहितोय ते त्यांच्या परवानगीनेच. परवानगी देताना एवढंच म्हणाले, “वय सहासष्टच लिही हं. सदुसष्ट पुढच्या महिन्यात लागतंय.”)

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चार लोकांची यादी मागितली, तर एक बहिरा, एक स्वर्गवासी, एक स्वतःच एकटा आणि एक मी. या चौघांच्या धाकाने एक सज्जन माणूस ओट्यापाशी उभा राहून जेवत होता. आणि त्या सात वर्षांत ताप आला म्हणून पेज करून द्यायला त्या चौघांपैकी किती जण गेले होते, हेही त्याच कागदावर लिहायला हवं होतं.

एव्हाना माझा मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. चार लोक म्हणजे कोणी परके नव्हेत. प्रत्येक यादीत कोणीतरी तिसरा, कोणीतरी चौथा असतो, आणि तुम्ही-मी कोणाच्या ना कोणाच्या यादीत असतोच. मी तुम्हाला भितो, तुम्ही शेजाऱ्याला भिता, शेजारी मला भितो. सगळे एकमेकांच्या दाराबाहेर पहारा करत उभे, आणि घरात राहायला कोणीच नाही.

आता कायद्याचं ऐका. काकांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली. १९५४चा हा कायदा मी त्या निमित्ताने वाचला, आणि सरकारनेही चार लोकांची सोय करून ठेवलीय हे पाहून थक्क झालो. लग्नाची नोटीस द्यायची, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावायची, आणि तीस दिवस थांबायचं. तेवढ्यात कोणीही येऊन हरकत घेऊ शकतो. कोणीही! मात्र हरकतीची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती द्यायला मन थाऱ्यावर नसणं, जवळचं नातं असणं. मी ती यादी दोनदा वाचली. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण त्यात कुठेही नाही. शिवाय वयाची मर्यादा आहे ती खालची, मुलाला एकवीस आणि मुलीला अठरा. वरची मर्यादाच नाही. सरकारला जे कळतं ते कधीकधी सोसायटीला कळत नाही.

आणि या लग्नाला साक्षीदार किती लागतात? तीन. चार नाहीत, तीन! एक त्या बाईंची बहीण झाली. एक झाले टेकडीवरचे बहात्तर वर्षांचे दोस्त, कडक इस्त्री करून आले होते. तिसरा मी. चार लोकांतून आम्ही दोघे फुटलो आणि तीन लोकांत गेलो.

सोसायटीत काय झालं? दोन दिवस जिन्यात कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही आणि विषय बदलला. ज्या बोलण्याला माणूस सात वर्षं भीत होता, त्याचं आयुष्य अडीच दिवसांचं निघालं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला वडीलधाऱ्यांचा: “अरे, चार लोकांना धरून राहावं. शेवटी खांदा द्यायला तेच येतात!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की मी हिशेबच मांडला. घरापासून गाडीपर्यंतचं अंतर वीस पावलं. पुढे शववाहिनी असते. या वीस पावलांच्या बोलीवर सत्तर वर्षं गहाण टाकायची? एवढं महाग भाडं कोणी रिक्षावाल्यालाही देत नाही. आणि माणुसकी असलेले चौघे येतातच. तुमच्या बैठकीच्या खोलीचा रंग कोणता होता, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: “म्हणजे काय, परंपरा सगळ्या मोडायच्या?” छे हो! पुरणपोळीशी माझं काही भांडण नाही. दारात रांगोळी हवी, गणपतीला मोदक हवेत. माझी एकच कसोटी आहे. कोणीही बघत नसतं, तरी हे मी केलं असतं का? केलं असतं, तर ती परंपरा तुमची. खुशाल करा, साग्रसंगीत करा. नसतं केलं, तर ती परंपरा नव्हे, ते नाटकाचं तिकीट आहे, आणि पैसे तुमचे जाताहेत.

हीच कसोटी उलट बाजूलाही लागू आहे. हल्ली एक नवी जमात निघालीय, ती रूढी मोडते, पण फोटोग्राफरला आधी बोलावून. ‘स्वतःसारखं जगा’ असं छापलेला सदरा दुकानात एकाच मापाचे शंभर मिळतात आणि शंभर जण तो घालून एकाच रांगेत उभे राहतात. चार लोकांनी ‘वा!’ म्हणावं म्हणून रूढी मोडणं आणि चार लोकांनी ‘शी!’ म्हणू नये म्हणून रूढी पाळणं, या दोन्हींत मला फरक दिसत नाही. मालक तेच. फक्त कामाची पाळी बदललीय.

मग करायचं काय? प्रत्येकाने कर्वे व्हायचं का? नाही होता येणार. मी कोणाला उद्या नोकरी सोडून हिमालयात जा म्हणत नाही. सगळ्यांचीच छाती तेवढी नसते, आणि ज्याच्या घरात दोन लहान पोरं आणि एक हप्ता आहे त्याने जरा जपून राहिलं तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार मला नाही. पण एक गोष्ट कोणालाही करता येते आणि तिला छदामही लागत नाही. आपण दुसऱ्याच्या चार लोकांतून राजीनामा द्यायचा.

हे शक्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. २०२२च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आता विचार करा. नवरा गेलेल्या त्या दिवशी ‘माझ्या बांगड्या फोडू नका’ असं म्हणायचं धाडस त्या बाईकडे कुठून येणार? दुःखाने ती आधीच अर्धी झालेली. शंभर वर्षं आपण तिला सांगत आलो, बाई, धीर धर, पुढे हो, रूढी मोड. हेरवाडने ते ओझं तिच्या डोक्यावरून काढलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. तिथे चार लोकांनीच एकत्र बसून सांगितलं, की आम्ही काही म्हणणार नाही! एका ठरावाने सगळी मनं धुऊन निघतात असं नव्हे. पण सहीशिक्क्यासकट राजीनामा दिलेले चार लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

शहरात आपण स्वतःला हेरवाडच्या पुढचे समजतो. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. ते योग्यच झालं. पण आमच्याकडे कोणी कोणाला उघड वाळीत टाकत नाही. आमच्याकडे नुसतं ‘च्यक्’ करतात. हळदीकुंकवाच्या बोलावण्यात एक दार वगळून पुढे जातात. ‘मुलगी अजून घरीच का हो?’ असं काळजीच्या सुरात विचारतात. या ‘च्यक्’ला कोणतंही कलम लागू नाही. ते थांबवण्याचा अधिकार फक्त ज्याच्या जिभेवर ते येतं त्यालाच.

तेव्हा राजीनाम्याची पद्धत सांगतो आणि थांबतो. अर्ज लागत नाही, स्टँपपेपर लागत नाही. उद्या-परवा तुमच्याकडे कोणीतरी बातमी घेऊन येईल. अमक्यांच्या मुलाने चांगली नोकरी सोडून भाजीपाल्याची शेती धरली. तमक्यांच्या मुलीने लग्नच करायचं नाही असं ठरवलं. वरच्या मजल्यावरच्या आजी कथक शिकायला लागल्या. बातमी सांगणारा आवाज खाली आणेल, खुर्ची पुढे ओढेल, आणि तुमच्या तोंडाकडे बघत थांबेल. तो थांबतो ना, त्या क्षणी तुम्ही चौथे असता. तीन झालेले असतात.

तेव्हा एवढंच म्हणायचं, “बरं झालं की!” आणि उठून चहा टाकायचा. त्याला विचारायचं, साखर किती. एका कप चहासाठी या गावाने एकेकाळी दोन वर्षं घालवली होती. तेवढी फेड आपल्याला करता येईल.